मान राखा

४ फेब्रुवारी, मंगळवार

नोकरी मिळाली. अगदी मिळाली असं म्हणता येणार नाही, एका महिन्यापुरती मिळाली. गोल्फ क्लबात सहायक प्रशिक्षक.

मुलाखत मुख्य प्रशिक्षकांनी घेतली. त्यांना तिथे सगळे मोठे सर म्हणतात. ते भराभर बोलतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरोबर?’ असं विचारतात. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. मोठं माणूस बोलत असताना आपण ऐकतोय हे त्यांना दिसलं पाहिजे, हे आईने लहानपणापासून शिकवलं आहे. शेवटी सर म्हणाले, “तुझ्याइतकी समजूतदार मुलगी मी पाहिली नाही. एक महिना बघू. जमलं तर कायम प्रशिक्षक. नाही जमलं तर काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या. बरोबर?” मी मान डोलावली. फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं की पावत्या फाडायलाही मी होकार देऊन आले आहे.

पण ती वेळ येणार नाही. क्रीडाविज्ञानाची पदवी मी त्यासाठी घेतलेली नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. बाबा पाट्या रंगवतात. निकालाच्या दिवशी त्यांनी आपल्याच दारावर माझ्या नावाची पाटी लावली, त्याखाली पदवी, आणि तरीही जागा उरली म्हणून विचारलं, “नक्की कशाचा अभ्यास केलास म्हणालीस?” मी शेवटच्या वर्षीचा प्रकल्प सांगितला. तेव्हापासून पाटीवर ‘मान व पाठ : विशेष अभ्यास’ असं आहे आणि गल्लीतले लोक मान आखडली की आमच्याकडे येतात.

धाकटी म्हणाली, “होयबा नोकरीला लागली!” मी लक्ष दिलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला विद्यार्थी मिळाला. दातांचे डॉक्टर आहेत, नुकताच दवाखाना बंद केला. मला ‘मास्तरीणबाई’ म्हणतात, तेही न हसता.

त्यांचा दोष एकच आहे. काठी खाली येते तेव्हा डोकं वर जातं. डोकं वर गेलं की खांदे वर जातात, खांदे गेले की काठी चेंडूच्या टाळूला चाटून जाते आणि चेंडू उडायच्या ऐवजी गवतातून उंदरासारखा सुरसुरत जातो. गेल्या वर्षी क्लबच्या सामन्यात त्यांचा पहिलाच चेंडू असा निघाला आणि सरबताच्या टेबलाखाली जाऊन थांबला. तेव्हापासून त्यांचे मेहुणे, म्हणजे बायकोचे धाकटे भाऊ, घरात पाहुणे आले की हा प्रसंग हावभावांसकट करून दाखवतात. यंदाचा सामना २ मार्चला आहे आणि चिठ्ठ्या टाकल्यावर डॉक्टरांची गाठ नेमकी मेहुण्यांशी पडली आहे.

डॉक्टर म्हणाले, “मला जिंकायचं नाही हो. फक्त पहिला फटका माणसासारखा जाऊ दे. म्हणजे पंगतीत तोंड वर करून जेवता येईल.”

मोठ्या सरांनी माझंही तेच ठरवलं. डॉक्टरांचा त्या दिवशीचा पहिला फटका नीट गेला तर मी कायम. “स्वच्छ हिशेब आहे. बरोबर?” मी मान डोलावली.

आज डॉक्टरांना मानेचे स्नायू आणि शरीराचा तोल यावर थोडं समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, “गंमत बघा, आयुष्यभर मी लोकांना ‘डोकं हलवू नका’ म्हणत आलो. कुणी ऐकलं नाही. शेवटी सवयच लागली, पेशंटचं डोकं जिकडे जाईल तिकडे आपलं न्यायचं. नाहीतर ड्रिल दातावरून थेट जिभेवर.” मला हसू आलं, पण गप्पांत बराच वेळ गेला. उद्यापासून वेळेची शिस्त.

९ फेब्रुवारी, रविवार

सराव चालू आहे. मी डॉक्टरांच्या अगदी समोर उभी राहते आणि ते काठी उचलतात तेव्हा ‘हं... हं... छान...’ असं म्हणत त्यांना धीर देते. मास्तरांनी धीर द्यावा असं मला वाटतं. माझ्या शाळेत कुणी दिला नव्हता.

डोकं वर येतंच आहे. मुद्दाम केल्यासारखं, लयीत येतं.

एक नवल. मी पाठ फिरवून चेंडूंची बादली आणायला गेले तेव्हा मागून खणखणीत आवाज आला. डॉक्टर ओरडले, “मास्तरीणबाई, हा बसला!” मी वळले तोवर चेंडू दिसेनासा झाला होता. मी त्यांना सांगितलं की अशा योगायोगावर विसंबून राहायचं नाही. त्यांनी निमूटपणे मान्य केलं. पुढचा चेंडू पुन्हा उंदीर.

मोठ्या सरांचा माझ्यावरचा विश्वास वाढतो आहे. रविवारच्या लहान मुलांचा वर्ग, चेंडू धुणं, क्लबचं मासिक पत्रक आणि त्यांच्या मुलीचा गणिताचा गृहपाठ, हे सगळं त्यांनी माझ्याकडे सोपवलं आहे. नवीन माणसावर इतका विश्वास कोण टाकतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारचे शिंपीकाका मान आखडली की गळ्याला जाड पट्टा बांधतात. तो मागून आणला आणि डॉक्टरांना बांधला. कल्पना शास्त्रीय होती.

डॉक्टर पट्टा बांधून मैदानावर उभे राहिले तसे लोक जमायला लागले. कुणी विचारलं, “कधी पडलात?” कुणी म्हणालं, “या वयात जपायला हवं.” एका बाईंनी आपल्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. मेहुणे लांबूनच ओरडत आले, “भावोजी! सामना टाळायला एवढं नाटक? ताईला सांगू का?”

डॉक्टर पट्ट्यातून काहीतरी म्हणाले, ते ऐकूच आलं नाही.

मान हलली नाही हे खरं. त्याऐवजी गुडघ्यापासून वरचा सगळा माणूस उठला. पट्टा परत दिला. शिंपीकाका म्हणाले, “गुण आला का?” मी हो म्हटलं. त्यांना वाईट वाटायला नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांना डोळ्यांसमोर सतत सूचना दिसली पाहिजे असं मी ठरवलं. बाबांना म्हटलं, खेळ सुरू होतो त्या पहिल्या टीजवळ लावायला एक पाटी करून द्या.

बाबा म्हणाले, “टीजवळ? तिथे चहाबिहा देतात का?”

टी म्हणजे काय ते समजावलं. मग कागदावर मजकूर लिहून दिला : ‘फटका मारताना आपली मान स्थिर राखा व नजर चेंडूवर ठेवा.’

त्यांनी तो लांब धरून वाचला. “एवढं कोण वाचतं? पाटी म्हणजे काय पत्र आहे? माणूस चालता चालता वाचतो, पोरी.” मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. अक्षराच्या बाबतीत मी त्यांच्या कामात बोलत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी पाटी केली. पांढऱ्यावर निळं, टपोरं अक्षर, खाली नाजूक वळण. दोनच शब्द.

मान राखा.

सकाळी पहिल्या टीजवळ लावली. दुपारपर्यंत क्लबात हलकल्लोळ.

मेहुणे पाटीसमोर उभे राहून लाल झाले होते. “हे कुणासाठी आहे? मी भावोजींची थट्टा करतो म्हणून मला सुनावताय? सगळ्या क्लबासमोर?”

मी म्हटलं, “नाही हो, ही डॉक्टरांच्या मानेसाठी आहे.”

“तेच तर म्हणतोय! त्यांचा मान मी राखत नाही असंच ना?”

“मान हलू नये म्हणून!”

“माझ्यामुळे त्यांचा मान हलतो?”

डॉक्टर बाजूला झाडाला टेकून रुमालात तोंड खुपसून उभे होते. मला वाटलं त्यांना भरून आलं आहे.

तोवर दुसऱ्या सभासदांचा समज झाला की क्लबने शिस्तीचा काही नवा नियम काढला आहे. जे गृहस्थ पिशवी उचलणाऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारत ते आज ‘अहो, जरा इकडे येता का’ म्हणत होते. पिशवीवाला घाबरून आलाच नाही. मोठे सर आले तेव्हा एक वृद्ध सभासद त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “उत्तम पाटी लावलीत. गरज होती.” सर म्हणाले, “बरेच दिवस माझ्या मनात होतं.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ही राहू दे. कल्पना माझीच. बरोबर?” मी मान डोलावली. पाटी राहिली हे महत्त्वाचं.

डॉक्टरांचं डोकं मात्र पाटीखालीही वर आलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज खरं सांगायचं तर धीर सुटला. एक आठवडा उरला आहे. वाचलेलं सगळं करून झालं. टोपीचा काठ खाली ओढून पाहिला, गवतावर बिल्ला ठेवून त्याकडे बघायला सांगितलं. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणतात, “मास्तरीणबाई, चूक माझी आहे.” त्यामुळे जास्तच वाईट वाटतं.

पदवी दारावर टांगून काउंटरवर बसायचं? बाबांना ती पाटी काढायला कसं सांगू? त्यांनी अक्षरांना सोनेरी कड दिली आहे.

एक शेवटचा उपाय. उद्या फोन तिवईवर लावून चित्रण करणार. शास्त्राला पुरावा लागतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चित्रण नीट झालं. घरी येऊन जेवणाआधी पुन्हा पुन्हा पाहिलं. उन्हं उतरली होती आणि माझ्या पाठीशी होती, त्यामुळे डॉक्टर छान उजळ दिसतात. काठी वर जाते, खाली येते, डोकं उठतं. त्याच सुमारास चेंडूशेजारी गवतावर एक काळी सावली वरखाली होते. बहुधा झुडूप. पण वारा नव्हता. आणि तिथे झुडूपही नाही.

धाकटी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “ताई, झुडपाला अंबाडा असतो का गं?”

“म्हणजे?”

“ती सावली बघ की. हा अंबाडा, हे कान. ‘हं... हं... छान.’ आवाजसुद्धा तुझाच आहे. तू बोलतेस तशी सावली डोलते आणि सावली डोलते तसे तुझे डॉक्टर डोलतात. मला वाटलं तुम्ही दोघं मिळून नाच बसवताय!”

मी पुन्हा पाहिलं. मग आईने पाहिलं. मग बाबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, “हिचीच आहे. चालताबोलता ओळखू येते.”

पेशंटचं डोकं जिकडे जाईल तिकडे आपलं न्यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं आणि मी वेळेची शिस्त लावत बसले होते! इतके दिवस त्या सज्जन माणसाच्या मानेला पट्टे बांधले, पाट्या लावल्या, आणि हलत होती माझी.

धाकटी हसून हसून जमिनीवर आडवी झाली. आई म्हणाली, “हसतेस काय? ऐकणारं माणूस मान डोलवतंच. मीच शिकवलंय तिला.” आणि बोलता बोलता तिने स्वतःच मान डोलावली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांना सगळं सांगून माफी मागितली. ते खो खो हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “बरं झालं. म्हणजे मी अजून कामाचा आहे. सवय मोडली नाही.”

मी सुचवलं की सामन्याच्या दिवशी मी लांब, इमारतीमागे थांबते.

“मुळीच नाही. तुम्ही दिसला नाहीत तर मी तुम्हाला शोधत बसेन. समोरच उभ्या राहा. फक्त माझ्या त्या शहाण्या पेशंटसारख्या, डोकं न हलवता.”

“कुठल्या?”

“तसा एकही नव्हता. तुम्ही पहिल्या व्हा.”

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मान न हलवणं अतिशय अवघड आहे. इतरांना सांगताना कळत नाही.

धाकटीने माझ्या डोक्यावर वाटी ठेवून मला जेवायला बसवलं. आईने विचारलं, “अजून वाढू?” आणि वाटी खणकन ताटात. पुन्हा ठेवली. बाबा म्हणाले, “पंख्याला तेल घालायला हवं, नाही?” खणकन. मला कुणीही काही विचारलं की माझी मान माझ्याआधी उत्तर देते.

शेवटी युक्ती सापडली. समोरच्या भिंतीवरचा एकच डाग धरायचा आणि बोलणाऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही. आईने पुन्हा विचारलं, “वाढू का?” वाटी जागची हलली नाही. मी तोंडाने म्हटलं, “नको.”

आई पळी हातात धरून बघत राहिली. “बरं नाही का तुला?”

२ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी राहून जाईल.

पहिल्या टीजवळ गर्दी. सरबताचं टेबल यंदा मुद्दाम लांब ठेवलं होतं आणि ते आपणच ठेवायला लावलं असं मेहुणे सगळ्यांना सांगत होते. डॉक्टरांच्या सौभाग्यवती खुर्चीवर बसल्या होत्या. मेहुण्यांचा पहिला फटका चांगला गेला. मग त्यांनी डॉक्टरांसाठी हात पसरून वाट करून दिली. “या भावोजी. पाटी वाचलीत ना? मान राखा!” लोक हसले.

सौभाग्यवती म्हणाल्या, “तू गप रे.”

मी समोर उभी राहिले. चेंडूपासून वीतभर अंतरावरचं गवताचं एक पिवळं पातं धरलं. सावली पायांशी गपगार पडली होती. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग ते चेंडूवर वाकले. वाकले म्हणजे वाकलेच. त्यांना फटक्याआधी फार वेळ लागतो.

त्याच वेळी मोठे सर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असावेत, कारण मध्येच थांबत आणि पुन्हा सुरू करत. मी वळून बघितलं नाही, पण कानावर पडलं ते असं :

“हे काही जमणार नाही, बघ. तेव्हा उद्यापासून काउंटर पक्का. बरोबर?”

“...नाही? बरं, सकाळी शिकवायचं, दुपारी काउंटर. बरोबर?”

“...अगं, काहीतरी बोल. बरं, पूर्ण वेळ शिकव! पण रविवारची मुलं तू घ्यायचीस.”

“...तेही नाही? ठीक आहे, रविवारी सुट्टी. मासिक पत्रक मी बघतो. चेंडू धुवायला दुसरं कुणी ठेवतो. आता तरी?”

“...निदान मुलीचं गणित?”

पलीकडे फारच हटवादी माणूस असावं. शेवटी सर म्हणाले, “बरं बाई, नको तर नको,” आणि त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. मला त्यांची दया आली, पण मान हलवता येत नव्हती.

मग काठी वर गेली. पातं. पातं. पातं. काठी खाली आली. कोरड्या लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज. पिवळं पातं थरथरलं आणि उभं राहिलं. चेंडू होता तिथे आता नुसतं गवत होतं. डॉक्टर अजून तिथेच बघत होते. मीही.



“गेला का?” डॉक्टरांनी खाली बघतच विचारलं.

“गेला असावा,” मी म्हटलं.

“कुठे?”

“मी बघितला नाही.”

“मीही नाही.”

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आम्ही दोघांनी एकदमच डोकं वर काढलं. सगळे लोक लांब, अगदी लांब, मैदानाच्या मधल्या हिरवळीकडे बघत होते. मेहुण्यांचा चेंडू अलीकडे पडला होता. सौभाग्यवती खुर्चीवरून उठून उभ्या होत्या. मेहुणे टेबलाकडे वळून म्हणाले, “भावोजी, सरबत घेणार का?”

सामना शेवटी मेहुण्यांनीच जिंकला. पण जाताना डॉक्टर मला म्हणाले, “मास्तरीणबाई, त्या माणसाचा एकपात्री प्रयोग आज बंद पडला.” त्यांनी माझ्यापुढे वाकून नमस्कार केला. मी मान डोलावणार होते, पण हात जोडले.

३ मार्च, सोमवार

मी कायम झाले!

सरांनी पत्र तयारच ठेवलं होतं. पूर्ण वेळ प्रशिक्षक. रविवारी सुट्टी. काउंटर नाही, पत्रक नाही, चेंडू धुणं नाही. मी यातलं काहीही मागितलं नव्हतं. फटका नीट गेला की सर किती उदार होतात! जगात चांगुलपणा आहे, फक्त आपण मेहनत केली पाहिजे, हे मी नेहमी म्हणते ते खरंच आहे.

सर थोडे थकलेले दिसले. पत्र देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला मी मऊ समजत होतो. तुझी मान फार ताठ आहे.”

मला जरा लागलं. दिवसभर तेच डोक्यात होतं. तालमीमुळे स्नायू आखडले असणार आणि प्रशिक्षकाच्या नजरेला ते दिसलं असणार.

घरी पत्र दाखवलं. आईने ते दोनदा कपाळाला लावलं. धाकटीने डोक्यावर वाटी ठेवून घरभर मिरवणूक काढली. बाबा अंगणात एका दुकानाची पाटी रंगवत होते. त्यांना पत्र वाचून दाखवलं आणि सर मानेबद्दल काय म्हणाले तेही सांगितलं.

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. “काय म्हणाले? परत सांग.”

“तुझी मान फार ताठ आहे.”

“एवढंच? ‘फार’ म्हणाले?”

“हो, फार म्हणाले.”

त्यांनी मला ते आणखी एकदा म्हणायला लावलं. मग आईला बोलावलं आणि तिच्यासमोर पुन्हा. मग ते दारावरच्या माझ्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले आणि खाली अजून एक ओळ बसेल का ते बोटांनी मोजू लागले.

त्यांना एवढं काय आवडलं ते कळलं नाही. उद्यापासून मान सैल करण्याचे व्यायाम सुरू करते.